६७व्या रस्त्यावरचे मैदान: मुलांनी पडायचे कशावर?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला पश्चिमेकडून ६७वा रस्ता येऊन मिळतो, तिथे आत शिरल्यावर मुलांचे एक मैदान लागते. त्याचे नाव ‘ॲडव्हेंचर प्लेग्राउंड’. तिथले जुने मैदान मोडून १९६६-६७मध्ये रिचर्ड डॅटनर या तरुण आर्किटेक्टने ते नव्याने रचले. पुढे तीस वर्षांच्या आत तेच मैदान ‘असुरक्षित’ ठरून पाडले जाण्याच्या बेतात आले. मग नव्या नियमांत बसवून, पण मूळ आकार राखून ते वाचवले गेले. सार्वजनिक बागेतले मुलांचे मैदान बदलायला निघालेल्या कुणालाही या एका जागेच्या इतिहासातून जितके शिकता येईल, तितके दहा नियमपुस्तिकांतून येणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी तिथे काय होते

सेंट्रल पार्कची मूळ आखणी १८५८ची, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांची. त्यात मुलांसाठी वेगळी खेळणी नव्हती. गवत, कातळ, झाडे आणि तळी हेच खेळायचे साहित्य. लोखंडी खेळणी बसवलेले पार्कमधले पहिले मैदान १९२६मध्ये ऑगस्ट हेक्शर या उद्योगपतीच्या देणगीतून झाले. १९३४मध्ये रॉबर्ट मोझेस शहराचे उद्यान आयुक्त झाले आणि त्यांनी पार्कच्या कडेकडेने, प्रवेशद्वारांजवळ सुमारे २० मैदाने बांधली.

या मैदानांचा साचा ठरलेला होता. खाली डांबर, भोवती कुंपण, आत झोपाळे, सी-सॉ, घसरगुंडी, जंगलजिम, वाळूचा हौद आणि मोठ्यांसाठी बाक. आज त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे, पण मुले गाड्यांच्या रस्त्यावर खेळत असताना त्यांना हक्काची जागा मिळाली, हे मोझेस यांचे काम मोठेच होते. अडचण साच्याची होती. झोपाळ्यावर झोकाच घ्यायचा, घसरगुंडीवरून घसरायचेच. प्रत्येक खेळण्याचा एकच उपयोग, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मूल एका खेळण्याच्या रांगेतून उतरून दुसऱ्या रांगेत उभे राही. खाली डांबर असल्यामुळे पडले की थेट डांबरावर. म्हणजे कल्पनेला वाव नाही आणि सुरक्षितताही नाही. त्या काळी या दोन्ही उणिवा एकाच जागी सुखाने नांदत होत्या, हे लक्षात ठेवायला हवे. कारण पुढे असे मानले जाऊ लागले की एक वाढवायचे तर दुसरे कमी करावेच लागते.

गाडीतळाची लढाई

डॅटनर यांच्या कामाकडे वळण्याआधी १९५६चा वसंत पाहायला हवा. ६७व्या रस्त्याजवळच ‘टॅव्हर्न ऑन द ग्रीन’ हे उपाहारगृह आहे. त्याच्या गाडीतळात आणखी सुमारे ८० गाड्यांची सोय करण्यासाठी शेजारची झाडी काढायचा मोझेस यांचा बेत होता. त्या झाडीत आसपासच्या इमारतींमधली मुले खेळत असत. मोजणीचे लोक जेवायला गेले असताना मागे राहिलेला नकाशा एका आईच्या नजरेस पडला आणि बेत फुटला. एप्रिलमध्ये बुलडोझर आले तेव्हा आया बाबागाड्या घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. काही दिवसांनी मध्यरात्रीनंतर कुंपण घातले गेले आणि पहाटे झाडे पाडायला सुरुवात झाली. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली, शहर खवळले, कोर्टाने काम थांबवले. जुलैमध्ये मोझेस यांनी माघार घेतली, आणि गाडीतळाऐवजी तिथे लहान मुलांसाठी खेळाची जागा करण्यात आली.

मोझेस यांच्या कारकिर्दीतला हा गाजलेला पराभव. पण माझ्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे फलित वेगळे आहे. त्या वस्तीतल्या पालकांना कळले की बागेतली जागा कशी असावी हे आपण ठरवू शकतो. दहा वर्षांनी त्याच परिसरातल्या आयांनी समिती करून ६७व्या रस्त्याचे जुने मैदान बदलायची मागणी केली, तेव्हा ती एकदम उगवलेली मागणी नव्हती.

हवा बदलली होती

मैदानाच्या नव्या कल्पना मोझेस यांच्या काळातही मांडल्या जात होत्या, त्यांना दार उघडत नव्हते इतकेच. शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९३३मध्येच एक ‘खेळाचा डोंगर’ सुचवला होता. त्यात वेगळी खेळणी नव्हती. जमिनीलाच चढ, उतार आणि पायऱ्यांचा आकार दिलेला होता. मोझेस यांनी तो धुडकावला. पुढे नोगुची आणि वास्तुकार लुई कान यांनी रिव्हरसाइड पार्कसाठी कित्येक वर्षे आराखडे केले. तेही काम १९६६मध्ये रद्द झाले.

मात्र त्याच सुमारास जॉन लिंडसे महापौर झाले. त्यांचे उद्यान आयुक्त थॉमस होव्हिंग यांना बागा लोकांच्या हाती द्यायची हौस होती. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात जेकब रीस हाउसेस या वसाहतीत एम. पॉल फ्रीडबर्ग यांनी टेकड्या, बोगदे आणि लाकडी ओंडक्यांचे मैदान नुकतेच उभे केले होते, आणि मुले त्यावर तुटून पडली होती. ६७व्या रस्त्याच्या कामासाठी पैसा लॉडर कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने दिला. १९६७मध्ये मैदान खुले झाले तेव्हा होव्हिंग मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेले होते आणि उद्यान आयुक्तपदी ऑगस्ट हेक्शर आले होते. १९२६च्या त्या देणगीदाराचा हा नातू.

डॅटनर यांनी काय केले

युरोपात तोवर दुसराच एक प्रयोग वीस वर्षे चालू होता. १९४३मध्ये, जर्मन ताब्यात असलेल्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनजवळच्या एमड्रुप इथे लँडस्केप आर्किटेक्ट सी. टी. सोरेन्सेन यांच्या कल्पनेतून ‘भंगाराचे मैदान’ सुरू झाले. मुले रचलेल्या बागेपेक्षा बांधकामाच्या पडीक जागेत जास्त रमतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून फळ्या, विटा, दोऱ्या, अवजारे आणि लक्ष ठेवायला एक जाणता माणूस एवढेच द्यायचे, बाकी मुले बघून घेतील. इंग्लंडच्या लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी युद्धानंतर ते पाहिले आणि लंडनच्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर ही कल्पना नेली. ‘ॲडव्हेंचर प्लेग्राउंड’ हे नाव तिथूनच रूढ झाले.

सेंट्रल पार्कच्या तोंडावर भंगाराचा ढीग मान्य होणे शक्य नव्हते. डॅटनर यांनी एमड्रुपच्या कल्पनेतला गाभा घेतला आणि तो काँक्रीट, दगड, लाकूड, वाळू आणि पाणी यांत बांधला. पिरॅमिड, ज्वालामुखीसारखी पायऱ्यांची टेकडी, आतून जाणारे बोगदे, ठेंगण्या भिंतींचा चक्रव्यूह, झाडावरच्या घरासारखा लाकडी मनोरा, पायऱ्यांचे अर्धवर्तुळ आणि खेळता येईल असे वाहते पाणी. या सगळ्यांना एकत्र बांधणारी जमीन मुख्यतः वाळूची. बाहेरची हद्दही नुसते कुंपण नव्हती. वळणे घेत जाणाऱ्या ठेंगण्या भिंतीवर बसता येई, चालता येई.

या यादीतली एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. यातले काहीही ‘कशाचे तरी खेळणे’ नाही. जहाजाच्या आकाराचे जहाज नाही, हत्तीच्या आकाराची घसरगुंडी नाही. पायऱ्यांची टेकडी सकाळी किल्ला असते, दुपारी दुकान आणि संध्याकाळी अंतराळयान. आकार अर्धवट सांगितलेला असतो आणि उरलेला मूल पूर्ण करते. आजकाल बाजारात मिळणारी ‘थीम’ची मैदाने नेमके उलट करतात. डायनासोरचा पुतळा पहिल्या दिवशी पाहून मोठ्यांना गंमत वाटते. पण तो डायनासोरच राहतो, आणि मूल दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे पाठ फिरवते. कल्पनेचा खेळ हवा असेल तर आकाराला नाव देऊ नका, ही या मैदानाची माझ्या मते सर्वात मोलाची शिकवण आहे. आणि तिला जास्तीचा खर्च लागत नाही.

दुसरी गोष्ट आव्हानाच्या चढत्या श्रेणीची. एकाच टेकडीवर चढायचे सोपे आणि अवघड असे वेगवेगळे मार्ग. तीन वर्षांचे मूल पहिल्या पायरीवर बसून वाळू ओतते, नऊ वर्षांचे कड्याच्या बाजूने चढते, आणि लहानगे ते पाहत असते. आपण कुठवर जायचे हे मूल स्वतः ठरवते. मुलाला आपल्या परिसरावर ताबा असला पाहिजे, निवडीला वाव असला पाहिजे, असे डॅटनर आग्रहाने मांडत. या अनुभवावर त्यांनी १९६९मध्ये पुस्तकही लिहिले.

तिसरी गोष्ट सुट्या वस्तूंची. खाचा पाडलेल्या लाकडी फळ्या मुलांना दिल्या जात. त्या एकमेकींत अडकवून मुले घरे, भिंती, बोगदे बांधत. त्यासाठी लक्ष ठेवणारी व्यक्ती मैदानात असे. एमड्रुपशी असलेला सरळ धागा तो एवढाच. पुढे १९७१मध्ये सायमन निकल्सन यांनी ‘सुट्या भागां’चा सिद्धांत मांडला. ज्या जागेत हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या गोष्टी जितक्या जास्त, तितकी तिथे सर्जनशीलता जास्त. ६७व्या रस्त्यावर त्याची चव मुलांनी आधीच घेतली होती. वाळू आणि पाणी हेही सुटे भागच, आणि सगळ्यात स्वस्त.

मैदान गाजले. डॅटनर यांच्याकडे सेंट्रल पार्कमधली आणखी मैदाने आली. पूर्वेकडच्या ७२व्या रस्त्याचे, आणि मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या इजिप्शियन दालनांना साद घालणारे ८५व्या रस्त्याचे पिरॅमिडांचे मैदान ही त्यातली.

उतरती कळा

१९७०च्या दशकात न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी होत गेली. १९७५मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. उद्यान खात्यातली माणसे कमी झाली. अशा वेळी ‘ॲडव्हेंचर’ प्रकारच्या मैदानाचे काय होते याचा विचार आराखड्याच्या टेबलावर फार कमी वेळा होतो. डांबरावरचा लोखंडी झोपाळा दुर्लक्षातही दहा वर्षे तग धरतो. वाळू तशी नाही. तिच्यात काचा येतात, मांजरे-कुत्री घाण करतात, पावसाने ती घट्ट बसते, घसरगुंडीच्या तोंडाशी तिचा खड्डा पडून खालची टणक जमीन उघडी होते. लाकूड कुजते, त्याच्या ढलप्या निघतात. पाण्याची नाली तुंबते. सुट्या फळ्यांना तर रोज माणूस लागतो, आणि मैदानावरचा माणूस हा अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापला जाणारा खर्च.

म्हणून मला असे वाटते की मैदानाची सुरक्षितता ही आराखड्यात एकदा काढून ठेवायची गोष्ट नाही. आराखडा फार तर तिची शक्यता निर्माण करतो. ती खरी होते फावड्याने, झाडूने आणि पान्याने, दर आठवड्याला.

कोर्ट, पुस्तिका आणि मोजपट्टी

त्याच दशकात देशभर दुसरे चक्र फिरत होते. १९७८मध्ये शिकागोच्या एका सार्वजनिक मैदानावर १२ फूट उंच घसरगुंडीच्या शिडीवरून एक लहान मूल खालच्या डांबरावर पडले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९८५मध्ये तो खटला किमान ९५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. गावोगावच्या उद्यान खात्यांनी याची धास्ती घेतली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा केंद्रीय आयोग, सीपीएससी, याने १९८१मध्ये सार्वजनिक मैदानांसाठी पहिली मार्गदर्शिका काढली होती. ती सूचनावजा होती, पण कोर्टात तिचाच आधार घेतला जाऊ लागला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एएसटीएम या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेची मानके आली, आणि १९९०च्या अपंग हक्क कायद्यामुळे मैदानात चाकाच्या खुर्चीला वाट असण्याचा प्रश्नही योग्य रीतीने पुढे आला.

या नियमांना नावे ठेवायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. त्यातले मूळ नियम मुलांच्या शरीरावरून आणि पदार्थविज्ञानावरून काढलेले आहेत, आणि ते समजून घेतले तर मैदान कंटाळवाणे करायची गरजच उरत नाही.

पडण्याचे गणित पाहा. १ मीटरवरून पडणारे डोके जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो, २ मीटरवरून सुमारे २२ ते २३. हा वेग डांबरावर काही मिलीमीटरमध्ये शून्य होतो. भुसभुशीत वाळू किंवा लाकडाच्या चिपा असल्या तर त्याला थांबायला काही सेंटीमीटर मिळतात. जीव वाचतो तो या सेंटीमीटरांमुळे. एएसटीएमच्या एफ १२९२ चाचणीत डोक्याच्या आकाराचे वजन त्या उंचीवरून टाकतात. डोक्याला किती इजा होईल ते दाखवणारा ‘हेड इंज्युरी क्रायटेरियन’ हा आकडा १०००च्या आत आणि झटका गुरुत्वाच्या २०० पटींच्या आत राहिला पाहिजे. सीपीएससीच्या तक्त्यानुसार ९ इंच वाळू ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरते, ९ इंच लाकडाच्या चिपा १० फुटांपर्यंत. म्हणजे उंची कमी करणे हा एक उपाय झाला, जमीन बदलणे हा दुसरा. पहिल्या उपायात मूल काहीतरी गमावते, दुसऱ्यात काहीच नाही.

आता फटींचे. ३.५ ते ९ इंचांच्या दरम्यानची बंदिस्त फट धोकादायक मानतात. कारण लहान मुलाचे अंग पायांकडून तिच्यातून निघून जाते आणि डोके अडकते. फट त्याहून लहान असेल तर अंग शिरत नाही, मोठी असेल तर डोकेही निघते. घसरगुंडीच्या माथ्यावर बाहेर आलेला बोल्ट कपड्याची नाडी पकडतो आणि गळफास लागतो. गंजून पोकळ झालेला खांब, कुजलेली पायरी, वाळूखाली लपलेला काँक्रीटचा पाया, हे सगळे याच जातीचे.

इथेच मला या प्रकरणाचा कणा दिसतो. मुलाला दिसणारा धोका आणि न दिसणारा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेकडीची उंची मुलाला दिसते. ते थबकते, पाय चाचपते, आज अर्ध्यावरून परत फिरते आणि पुढच्या महिन्यात माथ्यावर जाते. ते त्याचे शिकणे आहे. ५ इंचांची फट मात्र कुठल्याही मुलाला ‘इथे माझे डोके अडकेल’ असे सांगत नाही. तिच्याशी झुंजून कुणी शहाणे होत नाही. दुसऱ्या प्रकारचा धोका निर्दयपणे काढून टाकायचा, म्हणजे पहिला ठेवता येतो. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार नोंदले: उंची, वेग, धोक्याची अवजारे, पाण्या-आगीसारख्या गोष्टींच्या जवळ जाणे, मस्ती-कुस्ती आणि एकटे दूर जाणे, हरवणे. डॅटनर यांच्या मैदानात यातल्या उंची, वेग, पाणी आणि लपण्या-हरवण्याला जागा होती. फटींच्या आणि बोल्टच्या नियमाने यातला एकही प्रकार हिरावला जात नाही.

मग १९८०-९०च्या दशकांत मैदाने सपक का झाली? नियमांमुळे म्हणण्यापेक्षा खरेदीच्या पद्धतीमुळे, असे मी म्हणेन. कॅटलॉगमधले, प्रमाणपत्र जोडलेले, खांब-फलाटाचे तयार खेळणे घेतले की जबाबदारी कंपनीवर जाते. स्वतः रचलेल्या काँक्रीटच्या टेकडीची जबाबदारी घ्यायला खात्यातला अधिकारी का तयार होईल? त्याच्या जागी मी असतो तरी दोनदा विचार केला असता. ही भीती मूर्खपणाची नाही. पण तिचा परिणाम असा झाला की शहराशहरांत एकाच साच्याचे मैदान दिसू लागले. मोझेस यांच्या २० मैदानांचाच साचा परत आला, फक्त डांबराच्या जागी रबर.

नियमांच्या बाजूचा एक पुरावाही सांगायलाच हवा. २०००मध्ये टोरांटोच्या शाळांमधली नव्या कॅनेडियन मानकात न बसणारी खेळणी काढून टाकली गेली, आणि त्यावरून बरेच वादळ उठले. पुढे २००५मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खेळणी बदललेल्या शाळांमधल्या दुखापती लक्षणीय कमी झालेल्या दिसल्या. तेव्हा मानके निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही.

पाडायचे की सुधारायचे

१९८०मध्ये सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन झाली आणि पार्कला हळूहळू पुन्हा जीव आला. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिचे लक्ष मैदानांकडे वळले तेव्हा डॅटनर यांचे मैदान नव्या मानकांत बसत नव्हते, हे उघड होते. उंच काँक्रीट, जुने लाकूड, अपुरे कठडे आणि चाकाच्या खुर्चीला वाळूचा अडसर. पाडून नवे बांधणे कागदावर सोपे होते.

वस्तीतले पालक आणि वास्तुरक्षणाचे कार्यकर्ते पुन्हा उभे राहिले. त्यांच्या म्हणण्यात जोर होता, कारण त्यातल्या कित्येकांची मुले रोज तिथे खेळत होती. ‘ऐतिहासिक वास्तू वाचवा’ एवढेच त्यांना म्हणायचे नव्हते, ‘आमच्या मुलांच्या पायाखालचे मैदान वाचवा’ असेही होते. अखेर १९९७मध्ये मूळ रचना राखून दुरुस्ती झाली. ठळक आकार तसेच राहिले, जमीन आणि जोडणीचे तपशील मानकांकडे नेले. पुढे २००९मध्ये ८५व्या रस्त्याचे पिरॅमिडांचे मैदानही याच वृत्तीने नवे झाले. २०११मध्ये कॉन्झर्व्हन्सीने पार्कमधल्या सगळ्या मैदानांचा एकत्र आराखडा काढला. बाहेरची बाग आणि आतले मैदान यांच्यातली भिंत कमी करणे हा त्यातला महत्त्वाचा भाग.

या दुरुस्तीतून काम करणाऱ्यांना उचलता येणारी गोष्ट आहे ती क्रमाची. आधी विचारले गेले की या जागेचा खेळ कशात आहे. तो आकारांत होता. मग विचारले गेले की इजा कशातून होते. ती पडण्याच्या जागी, फटीत, कुजलेल्या लाकडात होती. दोन उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी सापडली, म्हणून एकाला धक्का न लावता दुसरे बदलता आले. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. तपासनीस यादी घेऊन येतो, लाल खुणा करतो, आणि ज्या खेळण्यावर खुणा जास्त ते उचलले जाते. त्या खेळण्यावर मुले का जमत होती, हा रकाना यादीत नसतोच. मैदान बदलायला निघालेल्यांनी यादी हातात घ्यायच्या आधी आठवडाभर नुसते बसून पाहावे, असे मी कळकळीने सांगेन. कोणते मूल कुठे थांबते, कोणती भिंत मुळात बसायला केलेली नसून बसायला वापरली जाते, मोठी मुले कुठे जाऊन लपतात, कोणते महागडे खेळणे दिवसभर रिकामे असते. आकडे नंतर मोजा.

जमिनीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. सुटी वाळू किंवा चिपा स्वस्त आणि खेळायला उत्तम, पण त्या सतत सारख्या कराव्या लागतात आणि चाकांची खुर्ची त्यात रुतते. रबरी जमीन समतल, चाकांना सोयीची, पण महाग. उन्हात ती इतकी तापते की अनवाणी पायांना भाजू शकते, आणि तिच्यात खणता येत नाही. म्हणून एकच जमीन सगळीकडे अंथरण्याचा मोह टाळावा. वाटा आणि प्रवेश रबरी, पडण्याच्या जागी उंचीनुसार योग्य ते, आणि खणायच्या वाळूची स्वतंत्र, सावलीतली, चाकाच्या खुर्चीच्या उंचीलाही पोहोचणारी जागा. खेळण्याभोवती किमान ६ फूट पडायला मोकळी जागा. घसरगुंडीचे तोंड आणि झोपाळ्याखालची जागा रोज पाहायची, कारण तिथली भर आधी उडते.

काँक्रीटच्या टेकडीबद्दलही एक निरीक्षण नोंदवायला हवे. तिचा उतार नीट ठरवला असेल तर मूल तिच्यावरून हवेतून कोसळत नाही. ते घसरते, लोळते, खरचटते. शिडीवरून मात्र ते सरळ खाली येते. तितक्याच उंचीची शिडी आणि उताराची टेकडी यांना एकाच फूटपट्टीने मोजणे बरोबर नाही. मानकांतही पडण्याची उंची मोजतात ती मोकळ्या पडण्याची. आराखडा करणाऱ्याने तपासनिसाशी याच मुद्द्यावर, आकडेमोड पुढे ठेवून, बोलावे. तिथे बहुतेक वेळा वाट निघते. इंग्लंडमध्ये तर २०१२मध्ये आरोग्य व सुरक्षा खात्यानेच पत्रक काढून सांगितले की खेळातली जोखीम शून्य करणे हे ध्येय नाही, तिचा फायद्याशी मेळ घालणे हे आहे. तपासणारी यंत्रणा स्वतः असे म्हणते तेव्हा आर्किटेक्टचे काम अर्धे हलके होते.

एक गोष्ट मात्र कितीही चांगल्या दुरुस्तीने आपोआप परत मिळत नाही. ती म्हणजे खाचांच्या फळ्या आणि त्यांच्यासोबतचा माणूस. आकार बांधता येतात, जमीन बदलता येते, पण मुलांच्या मधोमध राहून हस्तक्षेप न करता लक्ष ठेवणारा माणूस हा बांधकामाच्या खर्चात बसत नाही, तो पगारात बसतो. देणगीदारांना पिरॅमिडावर नावाची पाटी लावता येते, पगारावर नाही. डॅटनर यांच्या कल्पनेतला हा अर्धा भाग न्यूयॉर्कमध्ये पुन्हा दिसला तो वेगळ्याच जागी. २०१६मध्ये बंदरातल्या गव्हर्नर्स आयलंडवर ‘प्ले:ग्राउंड एनवायसी’ या संस्थेने ‘द यार्ड’ सुरू केले. लाकडे, टायर, कापड, रंग, हातोडे, खिळे आणि प्रशिक्षित प्लेवर्कर, म्हणजे मुलांच्या खेळावर लक्ष ठेवणारी माणसे. पालकांनी जबाबदारीच्या कागदावर सही करायची आणि कुंपणाबाहेर थांबायचे. प्लेवर्कर रोज फिरून काचा, धारदार पत्रे, डळमळीत बांधकाम असा मुलांना न दिसणारा धोका शोधून काढतात. ज्याच्याशी मुलांना झुंजायचे आहे, त्याला हात लावत नाहीत.